टेपवर उरली फक्त औषधं

वहिनी गॅसचं बटण तीनदा बघून कुलूप लावायच्या, आणि अर्धा जिना उतरून पुन्हा वर जायच्या. खाली स्कूटर चालू ठेवून दादा ओरडायचा, "अगं, तुझ्या बॅकअपचा बॅकअप झाला का?"

डोळ्यांच्या दवाखान्यातला युनिक्स सर्व्हर, म्हणजे सगळ्या नोंदी ठेवणारा मोठा कॉम्प्युटर, त्या सांभाळायच्या. मी त्यांचा धाकटा दीर. तिथंच चष्म्याचे नंबर काढायचो. त्यांची खोली म्हणजे जिन्याखालचं कपाटच, आणि एसीमुळे इतकी गार की त्या बाराही महिने स्वेटरमध्ये. रोज संध्याकाळी नोंदींची नक्कल उतरवायला बॅकअपची टेप घालायची, तिच्यावर वार लिहायचा, काम संपल्याचा हिरवा दिवा लागला की पर्स उचलायची.

एका मंगळवारी भर गर्दीत सर्व्हरची डिस्क बंद पडली, सगळ्या नोंदी गेल्या. बाहेर रांग कावली, पण वहिनी निवांत.

"भावजी, तोंड का पाडलंत? कालची टेप आहे की!"

नवी डिस्क बसवून त्यांनी टेप घातली. मी पाठीमागे उभा होतो. औषधांच्या साठ्याची फाइल उतरली आणि टेप थांबली. पेशंटची फाइल नव्हतीच. त्यांनी तिच्या आधीची टेप घातली. तेच. तिच्याही आधीचीची तीच गत.  खुर्ची मागंच होती, तरी वहिनी खाली फरशीवर बसल्या.

"अहो, रोज फिरायची हो ती," त्या पुटपुटल्या. "मी स्वतःच्या कानांनी ऐकायचे."

हा सर्व्हर नवा आला तेव्हा टेप ड्राइव्ह, म्हणजे टेप फिरवणारं यंत्र, त्यात कुठल्या नावानं दिसतोय ते शोधून वहिनींनीच तो जोडला होता. ड्राइव्ह एक, पण सर्व्हरमध्ये त्याची नावं दोन. फरक एका अक्षराचा. एका नावानं लिहायला सांगितलं की लिहून झाल्यावर टेप मागं गुंडाळली जाते. दुसऱ्या नावानं सांगितलं की आहे तिथंच थांबते. वहिनींनी पहिलं नाव दिलं. जुन्या सर्व्हरवरून टेपवर एकच फाइल जायची, तिथं ते खपून गेलं होतं. इथं फायली दोन: आधी पेशंट जायचे, टेप मागं सुरुवातीला यायची, आणि औषधं पेशंटच्या डोक्यावर जाऊन बसायची, खालचं पुसून. रोज. वर हिरवा दिवा.

मोठ्या डॉक्टरांपुढे त्या उभ्या राहिल्या. मी दाराशी.

"ड्राइव्ह बिघडलाय का?"

"नाही सर. नाव चुकलं. मीच दिलेलं."

डॉक्टरांनी विचारलं, "म्हणजे आपल्याकडे औषधं आहेत आणि पेशंट नाहीत?"

एरवी या वाक्यावर सगळा दवाखाना हसला असता.

टेप जाणकारांकडे पाठवली. पेशंटची फाइल लांबलचक होती, औषधांची आखूड. त्यामुळे शेपटाकडचा भाग वाचला. नवे पेशंट परत मिळाले. फाइलीच्या सुरुवातीचे, म्हणजे अगदी जुने, गेले ते गेलेच. डॉक्टरांनी वहिनींना काढलं नाही, पण काही दिवस त्यांच्याशी बोललेही नाहीत. घरी दादाची थट्टाही बंद झाली. तो गुपचूप चहा करून पुढ्यात ठेवायचा आणि तो तसाच गार व्हायचा.

जुन्यांची माहिती पुन्हा विचारून भरायला वहिनी आपणहून नोंदणीच्या खिडकीवर बसल्या. पहिले आले ते एक आजोबा.

"आजोबा, ऑपरेशन कुठल्या डोळ्याचं झालं होतं?"

"उजव्या. नाही, थांब, डाव्या बहुतेक." ते हसले. "मला कशाला विचारतेस बाई? तुमच्याकडं असेल ना लिहिलेलं."



"होतं, आजोबा. माझ्या हातून पुसलं गेलं."