मानेवर थांबलेला स्कॅन

बायकोलाही न सांगितलेली गोष्ट आज सांगतो. बऱ्हाणपुरातल्या सगळ्यात तापट माणसाला मी एका खोट्या शब्दाने कायमचं गप्प केलं.

आमचे डॉक्टर सर कशावरही चिडायचे. जिलबी गार निघाली तर चिडायचे आणि गरम निघाली तर तोंड पोळलं म्हणून हलवायावर चिडायचे. लकवा मारलेल्या माणसाला आधी तासभर तेल चोळून मग आणणाऱ्यांवर तर असे भडकायचे, की निंबोल्याच्या एका पैलवानाने घाबरून तेलाची बाटली त्यांच्याच हातात दिली. “अरे भाई, मालिश काय करता? घड्याळ बघा, घड्याळ!”

मी सीटी स्कॅनचा टेक्निशियन. लकव्याच्या पेशंटचा स्कॅन डोक्यापासून मानेपर्यंत व्हायचा. सरांचा हट्ट, की शिरा दिसाव्यात म्हणून टोचलेल्या त्याच डायमध्ये खाली हृदयापर्यंत जायचं. गुठळी पुष्कळदा तिथूनच मेंदूत गेलेली असते, आणि मागे आणखी उरलेली असते. “नळात कचरा आला तर टाकी बघशील की नाही, नालायका?” जास्तीचे लागायचे ते काही सेकंद.

त्या दुपारी त्यांनी चार लोकांसमोर मला गाढव म्हटलं. तेवढ्यात नेपानगरच्या शाळेतल्या एक बाई आल्या, उजवं अंग लुळं पडलेलं. “हृदयापर्यंत!” स्कॅनच्या खोलीत आम्ही दोघंच असताना सर नेहमीसारखे ओरडले. मी रागाने मुद्दाम मानेवर थांबलो. फिल्म बघून सर ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, “मी सांगितलं नव्हतं का रे?”

“नाही, सर.”

बाईंची किडनी कमजोर, लगेच पुन्हा डाय देता येईना. उद्या इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करू, असं ठरलं. इकोआधीच दुसरा झटका आला. बाईंची वाचा गेली. गुठळी हृदयातच होती.

आणि या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवला! कंपाउंडरने मोजलेल्या गोळ्या तीनदा मोजणारा माणूस, स्वतःवर सोडून माझ्यावर? याचा मला आजही संताप येतो. बाईंच्या नवऱ्यापुढे हात जोडून म्हणाले, “चूक माझी. विसरलो.” मग आपली स्मृती चालली असं धरून त्यांनी प्रॅक्टिसच बंद केली.

परवा सरांच्या घरी गेलो, तर ओट्यावर बसून जुन्या पेशंटांची नावं गावासकट म्हणत होते. एकही चुकलं नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, “बरोबर ना, बेटा?” मला ते कधी बेटा म्हणत नसत. मी नुसती मान हलवली.

सर, तुम्ही सांगितलं होतं; मी केलं नाही. एवढं त्यांच्या तोंडावर, आणि मग बाईंच्या घरी जाऊन बोलणं, हे मी देणं लागतो. अजून दिलेलं नाही.