धारोष्ण दूध

परवा धायरीत एका गोठ्यावरून जाताना धारोष्ण दुधाचा वास आला आणि हिंजवडीतला आमचा जुना गोठा आठवला. हिंजवडीत तेव्हा कंपन्या नुकत्याच येत होत्या. आमच्या गोठ्यालगतच्या खोलीत एक संगणकवाला भाडेकरू होता. त्याच्या चार वर्षांच्या मुलीला माझी आई रोज म्हशीच्या कासेखालचा फेसाळ पेला पाजायची, ताकद येते म्हणून. एकदा मुलीला रक्ताची हगवण लागली, मग लघवीच थांबली. तिच्या शौचाचा नमुना मी नोकरीला होतो त्याच प्रयोगशाळेत आला. मी गुपचूप आमच्या म्हशीचं शेणही नेलं. त्यात एकाच जंतूचे कितीतरी प्रकार निघाले, चाचणीत उमटणारे प्रत्येकाच्या जनुकांचे पट्टे निराळे. एक मात्र मुलीच्या जंतूशी पट्ट्याला पट्टा जुळला.  प्रयोगशाळेच्या साहेबांनी पट्टे पाहून विचारलं, "कुठलं हो हे शेण?" मी म्हणालो, "रस्त्यावरचं शेण आहे, सर." मुलगी कशीबशी वाचली. ती घरी आली त्या सकाळी आई पुन्हा पेला घेऊन निघाली. "उकळून दे," मी म्हणालो. "उकळल्यावर कस ऱ्हातो व्हय? लय शिकलास!" मी पेला हिसकावून मोरीत ओतला, पण कारण सांगायला जीभ उचलली नाही. आई मरेपर्यंत सगळ्यांना सांगायची, पोर आपल्या दुधानंच तगली. आणि मी शेजारी बसून मान डोलवायचो.