हळद्याच्या पायातला हिरवा दोरा

जरीपटका वस्तीकडच्या आमच्या भाड्याच्या घरामागं एक कडुनिंब होता. त्यावर काळ्या कोतवाल पाखरानं घरटं केलं, की हळद्याची जोडी शेजारच्याच फांदीला आपला पाळणा विणायची. कोतवाल कावळ्यालाही टोचून हाकलतो. त्याच्या शेजारी राहिलं की पहारा फुकट. पिवळ्याधमक पाखराच्या या बेरकीपणाचं मला भारी कौतुक.

आई गांधीबागेतल्या एका दुकानासाठी परकर शिवायची. मी तेव्हा अकरा वर्षांची, आणि अतिशहाणी. आपल्या घरचा दोरा त्या घरट्यात दिसावा म्हणून तिच्या रिळाचा हिरवा दोरा हातभर तोडून मी पेरूच्या झाडाला टांगला. हळद्यानं तो नेला. मी मोहल्लाभर मिरवलं.

मेअखेरच्या नवतप्याच्या उन्हात पिल्लं बाहेर पडायला लागली. मादी चोचीत अळी धरून समोर बसायची, बोलवायची, पण जवळ म्हणून यायची नाही. एक पिल्लू गेलं, दुसरं गेलं. तिसरं झेपावलं आणि घरट्याखालीच उलटं लोंबकळलं. पायात माझा हिरवा दोरा होता.

"आई वं, ते माह्या दोऱ्यात अडकलं! मरून जाईन ते!"

आई रागावलीही नाही. "शेजारून शिडी आण," म्हणाली. लुगडं खोचलं, कमरेला कात्री अडकवली, आणि कोतवाल टोचेल म्हणून डोक्यावर भाजीचं टोपलं पालथं घातलं. एरवी मी पोट धरून हसले असते. वर कोतवाल टोपल्यावर ताडताड आपटत होता आणि खाली मी शिडी धरून देवाला वाट्टेल ते कबूल करत होते.

तिनं पिल्लू मुठीत घेऊन दोरा कापला. "एक वेढा राहिला वं," ती वरून म्हणाली. "पायात रुतला हाय. कात्री शिरत नाही तिथं."

मग तिनं मूठ उघडली. पिल्लू तळहातावर बसूनच राहिलं. मादीनं शीळ घातली. ते पुढं सरकलं आणि पडलं, थेट माझ्या तोंडासमोरून. आणि पडता पडताच त्याचे पंख उघडले. जमिनीच्या वीतभर वर ते सावरलं आणि पेरूवर जाऊन बसलं. कुणी शिकवलं त्याला? तेवढी थक्क मी पुढं कधीच झाले नाही. पहिल्यांदा विमानात बसले तेव्हाही नाही.

पेरूवरून कपड्यांच्या दोरीवर, तिथून कौलांवर, असं ते रोज थोडं लांब जायला लागलं. दसऱ्यानंतर एका सकाळी शीळ ऐकूच आली नाही. ही पाखरं थंडीत दक्षिणेकडे जातात, बाबांनी सांगितलं.

"एवढ्या लांब? तसल्या पायानं?" आई म्हणाली. मला ती एका शब्दानं बोलली नाही. फक्त मशीनखालचे दोरे वेचायचं काम माझ्याकडे आलं.

पुढच्या चैत्रात भर दुपारी शीळ आली. मी अनवाणीच धावले. खालच्या फांदीवर एक हळद्या बसला होता.

"पाय पाह्यले काय त्याचे?" आत आल्यावर आईनं मशीन थांबवून विचारलं.

"दोन्ही मोकळे हायत."

हे खरं होतं. तो आमचाच होता का, ते मला माहीत नव्हतं, आणि तिनंही विचारलं नाही. तिनं डोळ्यांना पदर लावला. मी खाली बसून दोरे वेचायला लागले.