कमरेमागचा चाकू

चाकू अंगावर कुठे ठेवायचा, ह्या प्रश्नावर मी जेवढं डोकं खाजवलं तेवढं लग्न कुणाशी करायचं ह्यावरही खाजवलं नव्हतं. लग्नाचं घरच्यांनी ठरवलं. चाकूचं मी एकट्याने ठरवलं, आणि ज्या एका माणसाचा माझ्यावर डोळे मिटून विश्वास होता त्याच्याच समोर तोंडघशी पडलो. तीसएक वर्षं झाली. 

नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर मी बहरीनमध्ये एसीच्या कामावर होतो. कंपनीने दोन-दोन माणसांच्या जोड्या लावून दिलेल्या आणि प्रत्येक जोडीला एक पिकअप. माझा जोडीदार वर्ध्याकडचा, इलेक्ट्रिशियन, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचो. गुदैबिया भागात आमची खोलीही एकच. सकाळी तो त्याची बुद्धवंदना म्हणायचा, मी माझी नमाज पढायचो, आणि चहा मात्र कोण करणार यावरून रोज वाद. त्याची 'करून राहिलो, जाऊन राहिलो' वाली मराठी ऐकून मी हसायचो, आणि माझं रत्नागिरीकडचं गाणं म्हटल्यासारखं बोलणं ऐकून तो. पाच वर्षांत आमचं खरं भांडण असं एकदाही झालं नाही.

आमच्या कामात चाकू दिवसभर लागतो. गार पाइपावर काळ्या रबराचं इन्सुलेशन चढवायचं असतं. ते उभं चिरायचं, पाइपावर बसवायचं, गोंद लावून मिटवायचं. कंपनीने दिलेला कटर दोन दिवसांत बोथट व्हायचा. म्हणून पहिल्याच पगारात मी बाब अल बहरीनच्या बाजारातून घडीचा चाकू आणला. लाकडी मूठ, बोटभर लांबीचं पातं, उघडलं की खटक्यात घट्ट बसणारं. खोलीवर येऊन मी तो दादाला कौतुकाने दाखवला. त्याने हातात घेतला नाही.

"चांगला आहे," तो म्हणाला. "पण अवजारांच्या पेटीत ठेवत जा. अंगावर नको बाळगू."

"का?"

"मले नाही आवडत. एवढं ऐक माझं."

मी हो म्हटलं. मनातून मात्र चिडलो. मी काय लहान पोर आहे, की दादाने चाकू कुठे ठेवायचा ते सांगावं? माझा स्वभावच तसा. कुणी एक गोष्ट करू नको म्हटलं की मला दुसरं काही सुचतच नाही.

आणि खरं सांगायचं तर पेटी आमच्या कामात कुचकामी. पेटी खाली, मी शिडीवर, डोकं छताच्या आत. दरवेळी 'दादा, चाकू दे' म्हणायचं, त्याने त्याची वायर सोडून यायचं. आठवडाभर केलं तसं. मग मी हळूच खिशात ठेवायला लागलो. पँटच्या पुढच्या खिशात तो शिडी चढताना मांडीत रुतायचा. मागच्या खिशात ठेवून पिकअपमध्ये बसलो की सीटच्या फटीत घसरायचा. शर्टाच्या खिशातून एकदा तो छतातून थेट एका ऑफिसातल्या हिशेबनिसाच्या टेबलावर पडला, त्याच्या चहाच्या कपापासून वीतभर अंतरावर. मिटलेला होता म्हणून बरं. तो बिचारा मल्याळी गृहस्थ वर बघून म्हणाला, "नेक्स्ट टाइम, प्लीज टेल मी." दादा तेव्हा गच्चीवर होता, म्हणून त्याला कळलं नाही.

चामड्याची थैली करून पट्ट्याला बाजूला लावून पाहिली. ती सगळ्यांना दिसते. दार उघडणारी बाई आधी थैलीकडे बघते, मग तोंडाकडे. दादाला तर पहिल्याच दिवशी दिसली असती. तीही काढली.

शेवटी उपाय सुचला तो घरचा. आमच्याकडे माडावर किंवा आंब्यावर चढणारा माणूस कमरेला मागच्या बाजूला लाकडाची आकडी बांधतो आणि तिच्यात कोयती अडकवतो. दोन्ही हात झाडाला मोकळे, पोटात काही रुतत नाही, आणि उजवा हात मागे नेला की मूठ आपोआप हातात येते. माझ्या वडिलांची कोयती दिवसभर तिथेच असायची. जेवायला बसले तरी काढायचे नाहीत. कोकणातला कुठलाही माणूस ते बघून दचकत नाही. मी गुदैबियातल्या एका चांभाराकडून चामड्याचा छोटा पट्टा शिवून घेतला, कमरेच्या पट्ट्याला बरोबर पाठीच्या मध्यावर लावला, आणि वरून शर्ट सोडला. शिडीवर चढलो, हात मागे नेला, चाकू हातात. इतकं बरं वाटलं की वडिलांना पत्रात कळवलं.

दादाला नाही कळवलं. पेटीत एक जुना कटर टाकून ठेवला. दादा समोर असला की तो कटर वापरायचो, छतात एकटा असलो की चाकू. हे असं दोन वर्षं चाललं. आता लिहिताना वाटतं, एवढी सावध तयारी चोरसुद्धा करत नाहीत. तेव्हा मला स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटायचं.

एकच अडचण. हाताला सवय लागली. कारण नसताना माझा हात मागे कमरेवर जायचा, चाकू आहे ना हे चाचपायला. दादाने ते पाहिलं.

"कंबर दुखून राहिली का तुझी?"

"थोडी," मी म्हणालो. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून बोललो.

दुसऱ्या दिवशी त्याने मलमाची डबी आणून माझ्या उशाशी ठेवली. आणि त्यानंतर कॉम्प्रेसर उचलायची वेळ आली की तो म्हणायचा, "हो बाजूला." कॉम्प्रेसर म्हणजे साठ-पासष्ट किलोचं धूड. लिफ्ट नसलेल्या इमारतींत ते तीन-तीन मजले चढवायचं. जड बाजू तो घ्यायचा, खाली थांबून. कधी कधी एकटाच पाठीवर घ्यायचा. मी म्हणायचो, दादा लई दणकट माणूस आहे. बाकीच्या पोरांनाही सांगायचो. त्याने वजन का उचललं, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

त्या वर्षांत तिथल्या गावांमधून सरकारविरुद्ध अधूनमधून गडबड असायची. रस्त्यावर टायर जळायचे, पोलीस गाड्या अडवून बघायचे. आम्हाला त्याचं विशेष काही वाटत नसे. रेसिडेन्ट कार्ड दाखवायचं, पेटी उघडायची, ते 'यल्ला', म्हणजे चला, म्हणाले की निघायचं.

जूनमधली एक दुपार. सनाबिस गावातल्या एका घराचं काम संपवून आम्ही निघालो होतो. मुख्य रस्त्याला लागण्याआधी पोलिसांची गाडी आडवी. एक हवालदार अरबी बोलणारा, दुसरा उर्दू. दोघांना खाली उतरवून बॉनेटवर हात ठेवायला सांगितलं. बॉनेट तव्यासारखं तापलेलं. मी हात टेकवले आणि उचलले, पुन्हा टेकवले.

उर्दूवाल्याने दादाला विचारलं, "औजार?"

"पेटी में है साब."

"चाकू, छुरी?"

"एक कटर है. पेटी में." एवढं म्हणून दादा थांबला. "और एक चाकू है इसका. वो भी पेटी में होगा."

हवालदाराने पेटी उपसली. कटर मिळाला. चाकू नव्हता.

"चाकू किधर?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी बॉनेटकडे बघत होतो. त्या क्षणी बोललो असतो तर निम्मं तरी वाचलं असतं. तोंड उघडलंच नाही. 

"रूम पे रह गया होगा साब," दादा म्हणाला. "ये अंग पे नहीं रखता. मैंने ही मना किया है. इसकी गारंटी मैं देता हूँ."

हवालदार माझ्या मागे आला. काखा, बरगड्या, खिसे. मग त्याचा हात पाठीच्या मध्यावर आला आणि थांबला. त्याने माझा शर्ट वर उचलला. दुसऱ्या हवालदाराने एक पाऊल मागे घेऊन बंदुकीला हात घातला. तेव्हा मला पहिल्यांदा उमगलं की ह्या जगात पाठीमागे, शर्टाखाली चाकू ठेवणारा माणूस काय असतो. मला माडावरचा माणूस दिसत होता. त्यांना मारेकरी दिसत होता.

"पीछे क्यों?" त्याने विचारलं.

मी आकडी, कोयती, माड, वडील असं काहीतरी बरळलो. ते माझं मलाच खोटं वाटत होतं. हवालदार ऐकतही नव्हता. मी मान वळवून दादाकडे पाहिलं.

दादाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तो रागावला नव्हता. रागावला असता तर मला सोसलं असतं. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता आणि तो माझ्या चेहऱ्याकडे बघतच नव्हता. तो माझ्या उजव्या हाताकडे बघत होता.

मला गाडीत बसवायचं ठरलं. म्हणजे चौकी, मग कंपनी, मग व्हिसा खलास.  तेवढ्यात दादा बोलला. आवाज बसलेला, पण शब्द सरळ.

"साब, पाता खोल के देखो."

हवालदाराने चाकू उघडला. पात्यावर काळ्या रबराचा चुरा आणि वाळलेल्या गोंदाचा थर, मुठीपर्यंत.

"ये रबर है, ये गोंद. ये देखो पाइप, वही गोंद." त्याने पिकअपमधला इन्सुलेशनचा तुकडा काढून पुढे केला. "चाकू काम का है. पीछे क्यों रखा, वो मुझे मालूम नहीं. मुझसे भी छुपाया."

उर्दूवाल्याने तुकडा हातात घेतला, गोंदावर नख ओढून पाहिलं. दोघे आपसात बरंच बोलले. कंपनीला फोन लागला, सुपरवायझरने शिव्या दिल्या त्या मला दुरून ऐकू आल्या. अर्ध्या तासाने चाकू जप्त करून त्यांनी आम्हाला सोडलं. माझे तळहात बॉनेटवर भाजून लाल झाले होते.

पिकअप दादा चालवत होता. मुख्य रस्त्याला लागलो. मग समोर बघत म्हणाला, "कंबर कशी आहे तुझी?"

मला रडू आलं. मी म्हटलं, "दादा, कंबर कधी दुखलीच नाही."

त्याने मान हलवली. "दोन वर्षं मी तो कॉम्प्रेसर वाहून राहिलो बे."

मी माफी मागितली. कितीदा मागितली ते आठवत नाही. त्याने ऐकून घेतलं. एका सिग्नलला गाडी थांबल्यावर त्याने सांगितलं, जे दोन वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. गावाकडे शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाद चालू होता. वादातला माणूस त्यांच्या अंगणात आला, समेटाचं बोलला, चहा प्यायला. मग कंबर खाजवल्यासारखा हात मागे नेला. दादाचा मोठा भाऊ समोर बसला होता. भाऊ वाचला, पण त्याचा उजवा हात गेला. तेव्हा दादा पंधरा वर्षांचा होता आणि चहाचे कप उचलायला वाकला होता.

"तुझा हात मागे जाताना मी रोज पाहून राहिलो होतो," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी मले घाम फुटला. मग मीच मले समजावलं, का हा तसा माणूस नाही, ह्याची कंबर दुखते."

 माणसाने माझ्यासाठी स्वतःची भीती गिळली होती, आणि ती गिळायला जे कारण त्याने धरलं ते मी दिलेलं खोटं होतं.

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. एका तिसऱ्या मजल्यावर कॉम्प्रेसर चढवायचा होता. मी आधी वाकून जड बाजू धरली. त्याने धरू दिली. जिन्यापाशी आलो. आजवर जेव्हा दोघे मिळून उचलायचो तेव्हा हलकी बाजू माझी, म्हणून मी वर आणि तो खाली असायचा. आता जड बाजू माझ्याकडे, म्हणजे मी खाली आणि तो वर, माझ्याकडे पाठ करून चढणार. तो पहिल्या पायरीवर उभा राहिला. चढेना. मग त्याने कॉम्प्रेसर खाली टेकवला.

"तू वर हो," तो म्हणाला. "जड मी घेतो."

"दादा, माझी कंबर ठीक आहे. तुला सांगितलं ना."

"माहीत आहे मले," तो म्हणाला. "तू पुढे हो."

मी पुढे झालो. तीन मजले तो वजन घेऊन माझ्या मागे चढला. त्यानंतरही आम्ही जवळजवळ तीन वर्षं एकाच खोलीत राहिलो, एकाच ताटात जेवलो, त्याच्या मुलीच्या बारशाचे पेढे त्याने पहिले मला दिले. पण तो माझ्याकडे पाठ करून पुन्हा कधी चालला नाही.