परतीची गाठ

डिसेंबरातला दुसरा शनिवार धरून गडावर एक रात्र मुक्कामाला जायचे ठरले, त्याच्या आधीच्या मंगळवारी सोलापूरच्या शुक्रवार पेठेत अक्कांच्या दारात बोलणी झाली. हजर होतो तिघे: अक्का, मी आणि माझे साडू माणिकराव. माणसे चार, जेवणे चार, रक्कम अकराशे चाळीस रुपये, आगाऊ दिली. याला आता सहा वर्षे झाली. आकडे तेवढे वहीत आहेत. वहीत न बसलेले इथे लिहितो.

अक्का कडक भाकऱ्या करून विकत. पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी ज्वारीची भाकरी सोलापुरात घरोघरी मिळते. त्यात विशेष काही नाही. विशेष हे, की आयुष्यात एकही डोंगर न चढलेली ही बाई डोंगरावर जाणाऱ्यांची शिदोरी अशी बांधायची, की वर पोचल्यावर आम्हाला वाटायचे, आधी येऊन सगळे पाहून गेल्या की काय. सोलापुरात चढ म्हणून आम्हाला ठाऊक तो रेल्वेच्या पुलाचा. अक्का तोसुद्धा गुडघ्यांमुळे टाळत.

पीठ मळण्याआधी त्या प्रश्न विचारत. पहिला प्रश्न ठरलेला: "वर पानी कुटं हाय?" मी म्हणालो, टाके आहे. "पेलंय कुनी त्यातलं? का नुसतं ऐकलंय?" मी नुसते ऐकले होते. अक्कांनी पहिल्या जेवणाची भाकरी रद्द करून धपाटे धरले. कडक भाकरी कोरडी, ती पाणी मागते. चढताना पाणी जपायचे असते, म्हणून मऊ धपाटे. रात्री चूल पेटली की कडक भाकरी आमटीत चुरायची. आमटीसाठी येसर, म्हणजे भाजून दळलेले मसाल्याचे पीठ. उकळत्या पाण्यात टाकले की झाले. सकाळी तिखटमिठाच्या पुऱ्या, दुपारी पुन्हा भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा. "कांदा आख्खा न्यायाचा. चिरून न्ह्याल तर समदं वास मारंल."

मी एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब पाहतो. भाकऱ्यांचा हिशेब मी घरूनच करून नेला होता. माणशी सरासरी नऊ, एकूण छत्तीस.

"ही सरासरी कोन बाई हाय?" अक्कांनी विचारले. "ती येनार हाय का डोंगरावर?"

माणिकराव हसून खांबाला टेकले. अक्कांनी एकेकाची चौकशी केली. आमच्या गोदामातला सलीम किती जेवतो, घाईत जेवतो की सावकाश. तिथल्याच नरसय्याला वर गेल्यावर भूक लागते की मरते. मग म्हणाल्या, "सलीमला बारा, नरसय्याला धा, तुमाला आट, ह्यांना सा." मी बेरीज केली. छत्तीसच. पण माझ्या छत्तीसात आणि त्यांच्या छत्तीसात किती अंतर होते ते रविवारी दुपारी कळले, कारण चारही जणांची भाकरी एकाच वेळी संपली. कोणी कोणाकडे मागितली नाही, कोणाची उरली नाही. पंचवीस वर्षे ताळेबंद जुळवतो आहे. इतका बिनबोभाट जुळलेला मी पाहिला नाही.

बांधण्याची रीतही त्यांचीच. प्रत्येकाचे गाठोडे वेगळे. भाकऱ्या दोन ताटल्यांमध्ये उभ्या धरून कापडात आवळायच्या आणि पिशवीत पाठीच्या बाजूला ठेवायच्या. "भाकरी पाठीशी, चटनी पोटाशी. पाट सरळ ऱ्हाती, पोट हलतंय." आणि प्रत्येक गाठोड्यात एक लहान, दुहेरी गाठ मारलेली पुरचुंडी. ही परतीची गाठ. तीत फुटाणे, शेंगदाणे आणि गुळाचा खडा. खाली उतरून रस्ता दिसेपर्यंत ती सोडायची नाही.

हे त्यांच्या माहेरचे. वडील मेंढरे घेऊन चार-चार महिने बाहेर जात, तेव्हा आई अशी गाठ बांधून देई. "जायाचं कुनीबी दील," अक्का म्हणत, "यायाचं मातुर घरच्यानंच बांधावं लागतं." या गाठीचे पैसे त्या घेत नसत. परत आल्यावर कापड धुऊन आणून द्यायचे, एवढेच. दारामागे एक दोरी होती, तिच्यावर परत आलेली कापडे वाळत. एखादे आले नाही, तर दोन दिवसांनी अक्का गुडघे धरत त्या माणसाच्या घरी जाऊन उभ्या राहत. "कापड ऱ्हाऊ द्या. मानूस आलाय नव्हं?"

आता मुद्द्याचे. माणिकरावांना साखर. सकाळ-संध्याकाळ इन्शुलिन. त्यांची बायको सुनंदा, म्हणजे माझी मेहुणी, आधी जाऊच देत नव्हती. मी हमी घेतली, तेव्हा म्हणाली, "भावजी, नेताय तसे आणून द्या. आणि गोडाचा कण द्यायचा नाही." मी शब्द दिला.

म्हणून मी अक्कांना बजावले, माणिकरावांच्या गाठीत गूळ नको.

"का?"

"साखर आहे त्यांना. वाढली तर?"

"वाढली तर दवाखाना हाय की. कमी पडली तर डोंगरात कोन हाय?"

मी म्हणालो, "अक्का, मी डॉक्टरांना विचारलंय." हे खरे नव्हते. शेवटी म्हणालो, "आणि माझ्यातही नको. मला गोड आवडत नाही. नुसते फुटाणे घाला."

"बरं," अक्का म्हणाल्या. त्यांनी इतक्या लवकर ऐकले, याचे मला तेव्हाच नवल वाटायला हवे होते.

शुक्रवारी गाठोडी घरी आणून मी तपासली. माणिकरावांची पुरचुंडी सोडली, तर आत गूळ! चांगला मुठीएवढा. अक्कांनी ऐकले नव्हते तर. मी तो काढून डब्यात ठेवला, तेवढ्या वजनाचे फुटाणे भरले आणि गाठ जमेल तशी पुन्हा मारली. सलीमचे, नरसय्याचे वजन पाहिले. माझे पाहायचे काही कारण नव्हते.

चढ चांगला झाला. टाक्यातल्या पाण्यावर हिरवा थर होता, त्यामुळे धपाट्यांचा निर्णय बरोबर ठरला. रविवारी सकाळी कोऱ्या चहाला साखर पुरेना, म्हणून सलीम आणि नरसय्याने परतीच्या गाठी सोडून गूळ चहात टाकला. "अक्का थोडीच बघतायत," सलीम म्हणाला. मी त्यांना रागावलो. नियम मोडला म्हणून रागावलो, दुसरे काही माझ्या मनात नव्हते.

दुपारी जेवून उतरायला लागलो आणि वाट चुकलो. एक ओढा उतरून पुन्हा चढलो, यात अडीच तास गेले. चारच्या सुमाराला माणिकराव मागे राहू लागले. आधी मला वाटले थकले. मग ते एका दगडावर बसले आणि म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं, मला बँकेत जायचंय." शर्ट घामाने चिंब, हात थरथरत होते. पाण्याची बाटली दिली तर ढकलून दिली. हा माणूस आयुष्यात कोणाशी वाकडे बोललेला नाही.

"साहेब, साखर उतरलीय. माझ्या चुलत्याला असंच हुतंय," नरसय्या म्हणाला. "गोड काय हाय का? लवकर."

काही नव्हते. त्या दोघांचा गूळ चहात गेला होता, माणिकरावांचा माझ्या घरी डब्यात होता. मोबाईलला रेंज नव्हती. सुनंदाला काय सांगायचे ते शब्द माझ्या डोक्यात जुळायला लागले होते, आणि ते जुळतायत याची मला भीती वाटली.

"तुमची गाठ?" सलीमने विचारले.

"नुसते फुटाणे आहेत."

"सोडा तर."

दुहेरी गाठ बोटांनी सुटेना, सलीमने दातांनी सोडली. वर फुटाणे होते. खाली गूळ होता. एक नाही, दोन खडे, केळीच्या पानात गुंडाळलेले.

आम्ही एकेक तुकडा माणिकरावांच्या गालात ठेवला, चघळायला लावला, घोटघोट पाणी दिले. पंधरा-वीस मिनिटे गेली असतील. मग त्यांनी कपाळ पुसले, आजूबाजूला पाहिले आणि म्हणाले, "काय हो, तुम्हाला गोड आवडत नाही ना?" मी तोंड फिरवून पिशवी आवळायला लागलो. अंधार पडायच्या आत आम्ही रस्त्याला लागलो.

सुनंदाला मी सगळे सांगितले, गूळ काढल्याचेही. ती म्हणाली, "चूक माझीही आहे. आधी अक्कांना जाऊन सांगा."

चार कापडे धुऊन, घडी घालून मी सोमवारी गेलो. झाले ते सांगितले. अक्का भाकरी थापत होत्या, हात थांबले नाहीत.

"अक्का, माझ्यात दोन खडे का घातले?"

"तुमी ह्यांच्यातला काडनार, हे मला ठावं हुतं. तुमी लई चोख मानूस." तव्यावरची भाकरी त्यांनी उलटली. "दुसऱ्याचं समदं मोजताय तुमी. सोताचं बगत न्हाय. मग मी तितं घातला."

मी खिशातून पाचशेची नोट काढली. त्यांनी नुसते दोरीकडे बोट दाखवले. मी चारही कापडे वाळत घातली, धुतलेली आणि वाळलेली असूनसुद्धा.

त्यानंतर दर डिसेंबरात आम्ही जात राहिलो आणि अक्का बांधून देत राहिल्या. मागच्या पावसाळ्यात त्यांची मनगटे थापायला पार नाही म्हणाली. मुलगा त्यांना वळसंगला शेतावर घेऊन गेला. या वेळची शिदोरी मी बांधली, त्यांच्याच कापडांत, त्यांनी सांगितलेल्या क्रमाने. नरसय्याला भाकऱ्या कमी पडल्या, आणि सलीमची उरली. गाठी मात्र चारही खाली येईपर्यंत कोणी सोडल्या नाहीत. चारहींत गूळ होता.

परत आल्यावर मी आणि माणिकराव वळसंगला गेलो. अक्का ओसरीवर खाटेवर होत्या. आता नीट दिसत नाही. मी कापडे त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी एकेक चाचपली.

"चारी आले?"

"आले, अक्का."

"ह्यातलं ह्यांचं कोनतं?"

मी निळ्या काठाचे त्यांच्या हातात दिले. त्यांनी माणिकरावांचा हात शोधला आणि ते कापड त्यात कोंबले. "हे तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. तुमाला अजून लई येळा परत यायाचंय."

येताना एसटीत ते कापड माणिकरावांनी पिशवीत ठेवले नाही, हातातच धरले.

शेवटी परत दिले ते एवढे: तीन कापडे, अक्कांना. चौथे बाकी आहे.