पुनवेचा रविवार

मनोरीच्या क्रिकेट टीमने मला मॅनेजर केलं ते लायकी बघून नाही, नाइलाजाने. मी पार्ल्याचा आणि या कोळ्यांच्या गावचा जावई. मला अकरांत घेतलं, तर पहिल्याच मॅचमध्ये मी बॅट फिरवून स्वतःचेच स्टंप उडवले. बाहेर बसवावं तर सासूबाई विचारणार, जावयाला उन्हात नुसता बसवून ठेवला? शेवटी माझ्या मेव्हण्याने, म्हणजे टीमच्या कॅप्टनने, तोडगा काढला.

"भावजी, तुमी मॅनेजर. फोन तुमच्याकडं, थंडा तुमच्याकडं. बॅट आमच्याकडं."

दिवाळी सरली की उपनगरांत टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होतात. त्या वर्षी आम्ही मालाडच्या एका मैदानावर उतरलो होतो. बोरिवली-गोरेगावच्या टीम भाड्याने फलंदाज आणत, त्यांच्या टी-शर्टवर बिल्डरची जाहिरात असे. आमच्या टी-शर्टवर बर्फाच्या कारखान्याचं नाव होतं आणि निम्मी पोरं अनवाणी. तरीही आम्ही जिंकत होतो. ओल्या वाळूवर बॉल टाकून वाढलेला मेव्हणा कोरड्या मैदानावर आला की भाड्याचे फलंदाज पाय वाचवत नाचायचे.

त्याचा हा शेवटचा मोसम होता. सासऱ्यांची कंबर कुरकुरायला लागली होती. होळी झाली की बोटीचा तांडेल, म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस, तोच होणार होता. तांडेलाला मॅचसाठी सुट्टी नसते. इतकी वर्षं खेळून गावात एकदाही कप आला नव्हता, आणि त्याला तो जायच्या आधी हवा होता. त्यासाठी टीव्हीशेजारचं फडताळ त्याने रिकामं केलं, आणि सेट-टॉप बॉक्स जमिनीवर आला.

तर आम्ही सेमीफायनलला पोचलो. मॅचच्या तारखा एरवी मेव्हणाच ठरवून यायचा. आयोजकाशी बोलता बोलता आभाळाकडे नजर टाकायचा आणि "चालंल" किंवा "नाय जमनार" म्हणायचा. मला वाटायचं, खेळाडू लहरी असतात. या वेळी बोटीचं इंजिन उघडून बसला होता म्हणून मॅनेजरला पाठवलं.

आयोजक दिंडोशीचा, घाईतला माणूस. दोन सेमीफायनल, दोन रविवार. कुठला पाहिजे ते चटकन सांगा, म्हणाला. भिंतीवरच्या कॅलेंडरात दुसऱ्या रविवारी पौर्णिमेचा गोल होता. मला लगेच चित्र दिसलं: मॅच जिंकून आम्ही मार्व्याहून फेरीबोटीने परत येतोय, किनाऱ्यावर चटया, वर चांदणं, ताटात तळलेली सुरमई.

"पुनवेचा द्या."

"नक्की ना, सर? मग बदल नाही. बॅनर छापायला टाकतो."

कोणी सर म्हटलं की माझं डोकं चालायचं थांबतं. "एकदम नक्की," मी म्हणालो.

घरी येऊन बातमी दिली. मासळी कापणाऱ्या सासूबाईंचा हात थांबला.

"यांना कोनी धाडला रं मीटिंगला?" त्यांनी लेकाला विचारलं. मला नाही. जावयाला कोणी थेट बोलत नाही.

मेव्हणा हात पुसत म्हणाला, "भावजी, पुनवेला उधान. पोरं दर्यात असतील. मी पन."

मग मला शिकवणी मिळाली. इथली जाळी पाण्याच्या ओढीवर भरतात. पुनव-अवसेला ओढ जोराची, म्हणून सगळ्या बोटी बाहेर. अष्टमीच्या आसपास पाणी सुस्तावतं, त्याला भांग म्हणतात. तेव्हा बोटी किनाऱ्याला आणि पोरं मैदानात. आमचा अख्खा मोसम भांगात खेळला गेला होता, आणि त्याच्या मॅनेजरला ते ठाऊक नव्हतं.

आयोजकाला फोन केला. बॅनर छापून झाला होता. त्यावर मॅनेजर म्हणून माझा हसरा फोटो होता.

तोडगा सासूबाईंनीच काढला. बोटीवर माणूस कमी पडतो ना, मग माणूस द्या. टीममधले चौघं दर्यात जाणार होते. गावचे कोळी जावई तर त्या दिवशी आपापल्या बोटींवर. उरले नोकरदार जावई: बोरिवलीचा एक बँकवाला, मुलुंडचा एक इलेक्ट्रिशियन, एक शिक्षक आणि मी. सासऱ्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं.

"दिस तुमी घेतला ना? मंग चला बोटीवं."

पुनवेच्या पहाटे गावचे मुलगे मॅचसाठी झोपून राहिले आणि जावई दर्यात गेले. आमची बोट खाडीबाहेर पडली तेव्हा मी निवडलेला चंद्र पश्चिमेला, अगदी समोर, मावळत होता. त्याच्या साक्षीने मी ओकलो. पुढे दोर ओढायला लागलो तेव्हा सासरे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, तुमी फकस्त कडेला बसा." म्हणजे इथेही मला मॅनेजरच केलं.

मोबाइलला रेंज नव्हती. जाळं ओढतानाही सासऱ्यांची नजर सारखी मालाडच्या दिशेला जात होती. संध्याकाळी गावाजवळ आलो. किनारा शांत. फटाका नाही, बँजो नाही. हरलो, मी मनात म्हटलं, आणि बॅनरवरचा फोटो डोळ्यांपुढे आला.

मेव्हणा गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याने दोर झेलला, आधी टोपल्यांतला बोंबील बघितला, मग मला.

"उतरा भावजी. आई बोलली, जावई सुखरूप उतरल्याबिगर फटाका लावायचा नाय."

जिंकलो होतो! पाठोपाठ बाकीच्या बोटी लागल्या. बँकवाल्याला दोघांनी उचलून आणला, आणि मग माळ लागली. चटया पडल्या, चांदणंही वेळेवर आलं. मला मात्र जेवायला पेज मिळाली.

फायनल पुढच्या रविवारी, म्हणजे ऐन भांगात. तारीख योग्य, पोरं ताजीतवानी, बोटी किनाऱ्याला, जावई प्रेक्षकांत. सबब सांगायला जागाच नव्हती. आम्ही सडकून हरलो. मेव्हण्याने टाकलेला शेवटचा बॉल कंपाउंडबाहेर गेला, तो सापडलाही नाही.

परतताना फेरीत तो कठड्याला टेकून उभा होता. मी थंड्याची बाटली पुढे केली. मॅनेजरला आणखी काय येतं?

"वाईट वाटतंय का रे?"

त्याने पाण्याकडे बघितलं, सवयीने.

"भावजी," तो म्हणाला, "फायनल ठरवायला पन तुमालाच धाडायला पायजे होता."

होळीनंतर तो तांडेल झाला. फडताळावर सेट-टॉप बॉक्स परत आला.