रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात

डॉक्टरबाई गेल्याचा फोन लॅबमध्ये आला, तेव्हा बाकावर सात-आठ जण उपाशीपोटी बसले होते. आम्ही आधी त्यांचं रक्त घेतलं, मग शटर ओढलं. बाईंनी तेच करायला लावलं असतं...

उल्हासनगरच्या त्या दोन खोल्यांच्या लॅबमध्ये मी चार वर्षांपूर्वी रिपोर्ट टाइप करायला लागले. इंग्लिश मीडियमची, म्हणून स्पेलिंग चुकणार नाही, एवढाच माझा उपयोग. माणसांशी बोलायची मला धास्ती. बाईंचा एक नियम मला विचित्र वाटायचा. रिपोर्ट खिडकीतून द्यायचा नाही. साधी शुगर असली तरी माणसाला आत बोलवायचं, दार लावायचं, बंद पाकीट त्याच्याच हातात द्यायचं. कॅम्पातले एक सिंधी काका दर महिन्याला कुरकुरायचे, "बेटी, शुगर का रिपोर्ट है, रिश्ते की बात नहीं."

दोन वर्षांपूर्वी अंबरनाथला आनंदनगरमधल्या एका कारखान्याचं मोठं काम आलं. कामगारांचा मेडिक्लेम काढायचा होता, म्हणून सगळ्यांची रक्ततपासणी, एचआयव्हीसकट. तिथल्या ऑफिसरने सगळे निकाल एका कागदावर मागितले. मी सुबक यादी टाइप केली. एकाच नावासमोर 'पॉझिटिव्ह' होतं. बाईंनी यादी वाचली आणि माझ्यापुढे पेन ठेवलं.

"त्या नावाखाली तुझं नाव लिही, समोर 'पॉझिटिव्ह'. मग सांग, कुणाकुणाला दाखवायची."

मला लिहवेना. त्यांनी यादी फाडली.

ऑफिसर स्वतः आला. बाईंनी शांतपणे विचारलं, या आजाराला तुमची पॉलिसी काही देणारच नाही, मग नाव कशाला हवं? असा माणूस कामावर कसा ठेवायचा, असं तो बोलून गेला. "मग तर नाहीच देणार," बाई म्हणाल्या. पुढचं काम दुसऱ्या लॅबला गेलं.

रिपोर्ट द्यायच्या दिवशी बाईंनी अगदी पहिल्यापासून प्रत्येकाला पंधरा-पंधरा मिनिटं आत ठेवलं. बाहेर गर्दी तुंबली. मी घड्याळ बघून मनात चिडत होते. एक जण बाहेर येऊन म्हणाला, बाईंनी तंबाखू सोडायची शपथ घातली राव. दुसऱ्याला मुलांच्या शाळेबद्दल विचारलं होतं. मग 'तो' बाहेर आला.

"काय रे, तुझी पण तंबाखू गेली?"

"गेली," तो म्हणाला. सगळे हसले. त्या एकाला पंधरा मिनिटं लागणार होती, म्हणून बाईंनी ती सगळ्यांना दिली होती.

आता सही नवे डॉक्टर करतात. पाकीट मी देते, आत बोलावून, दार लावून. माणसासमोर बसून बोलायला मला बाईंनी शिकवलं. कधी शिकवलं, ते मात्र कळलं नाही.

मागच्या आठवड्यात 'तो' हिमोग्लोबिनच्या रिपोर्टसाठी आला होता. पाकीट घेऊन बाईंच्या खुर्चीकडे बघत बसला.

"अजून कामावर आहे," तो म्हणाला. मग पाकीट खिशात घालत, "त्यांना सांगायचं राहिलं..."

मी दार लगेच उघडलं नाही.